मागच्या दिव्यांची दुरुस्ती

भाऊसाहेबांचा अपमान झाला तो एका रविवारी सकाळी, भर मैदानात, चारचौघांसमोर, आणि तोही पाठीमागून.

पाठीमागून म्हणजे गाडीच्या पाठीमागून. जुन्या गाड्यांच्या क्लबचा मेळावा होता. मालक मंडळी गाड्या रांगेत लावून, आपला त्यांच्याशी फारसा संबंध नाही अशा चेहऱ्याने, पण हाताच्या अंतरावर उभी होती. भाऊसाहेब नवे सभासद. त्यांच्या गाडीपाशी क्लबचे चिटणीस आले. पुढून पाहिलं, मान डोलावली. बाजूने पाहिलं, पुन्हा डोलावली. मग मागे गेले आणि डोलावणं एकदम बंद पडलं. खिशातून भिंग काढून ते उकिडवे बसले.

"दिवे चुकीचे आहेत," ते म्हणाले.

"लागतात की सगळे!" भाऊसाहेब म्हणाले.

"लागण्याचा प्रश्नच नाही. ही गाडी पहिल्या आवृत्तीतली. हिला मागे दोन्ही अंगांना एकेकच दिवा हवा. लहान, गोल, पूर्ण लाल. इंडिकेटरसुद्धा त्याच लाल दिव्यात लुकलुकणार. हे वेगळे पिवळे इंडिकेटर पुढच्या आवृत्तीत आले. थोडक्यात, तुमचे दिवे कालसुसंगत नाहीत."

आणि भिंग खिशात टाकून ते पुढच्या गाडीकडे गेले.

दुसरा कुणी असता तर हसून सोडून देता. पण भाऊसाहेब एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. उभा जन्म त्यांनी इतरांच्या चुका काढण्यात घालवला होता. लग्नाच्या बोलणीच्या वेळी मुलीकडून आलेल्या पत्रातल्या तीन वेलांट्या त्यांनी सुधारून दिल्या होत्या आणि तरीही लग्न झालं, यावरून सासरची मंडळी किती समजूतदार होती ते कळावं. अशा माणसाच्या मालकीच्या वस्तूत चूक निघावी? तीही 'आवृत्ती' हा त्यांच्या धंद्यातला शब्द वापरून?

तसं पाहिलं तर गाडीची मालकी हाही नाजूकच मुद्दा होता. ती दोन आसनांची, उघडी, गर्द हिरवी स्पोर्ट्स कार मूळची वहिनींच्या, म्हणजे भाऊसाहेबांच्या पत्नीच्या, मामांची. मामांनी ती तरुणपणी कोरी घेतली आणि आयुष्यभर चालवली. पुढे गुडघ्यांनी क्लच दाबायला नकार दिला तेव्हा लाडक्या भाचीच्या हाती किल्ली ठेवली. अट एकच घातली. दर रविवारी संध्याकाळी मला तिच्यात बसवून हिंडवायचं. वहिनी गाडी चालवत नसत, म्हणून सारथ्य भाऊसाहेबांकडे आलं. मामांचं घर फार लांब नव्हतं. ते टोपी घालून फाटकाशी आधीच उभे असत. गाडीत बसले की बोलत नसत. नुसते वारा खात.

घरी आल्याआल्या भाऊसाहेबांनी वहिनींना अपमानाची हकिगत साग्रसंगीत ऐकवली.

"दिवे लागतात ना?" वहिनींनी विचारलं.

"लागण्याचा प्रश्नच नाही!" असं भाऊसाहेब ओरडले, आणि आपण चिटणिसांचंच वाक्य म्हणतोय हे लक्षात येऊन आणखी चिडले.

"मग कसला प्रश्न आहे?"

"कालसुसंगततेचा."

"जेवून घ्या," वहिनी म्हणाल्या.

इमारतीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहत आणि शेजारी वीजमंडळातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, ज्यांना अख्खी इमारत व्होल्टेजकाका म्हणे. दोघांचं एकमेकांशी कधी जमत नसे, पण दुसऱ्याच्या घरात काही बिघडलंय म्हटल्यावर त्यांची एकजूट होई. दोघे गाडीमागे उभे राहिले.

"सोपं आहे," व्होल्टेजकाका म्हणाले. "पिवळ्या काचेला लाल रंग मारा."

"छे, छे," डॉक्टर म्हणाले. "मुळापासून काढायला पाहिजेत. वरवर भरून काही होत नसतं. पुढे दुखतं."

भाऊसाहेबांना डॉक्टरांचं पटलं. मुळापासून. इथेच पहिली चूक झाली, असं वहिनी अजून म्हणतात. भाऊसाहेब म्हणतात, चूक आधीच होती, आपण फक्त ती काढायला घेतली.

जुन्या सुट्या भागांच्या एका दुकानदाराने डावा दिवा काढून दिला. अस्सल होता. काचेच्या कडेवर बनवणाऱ्याची बारीक खूण होती. भाऊसाहेबांनी तो रुमालात गुंडाळून घरी आणला. उजव्या दिव्याचं बूड मिळालं, काच मात्र मिळेना. "येईल," दुकानदार म्हणाला. कुठून, कधी, कशी, यातलं काही त्याने सांगितलं नाही. सुट्या भागांच्या धंद्यात क्रियापदाला कर्ता लागत नाही, हे भाऊसाहेबांना तेव्हा कळलं.

"उजवी मी करून देतो," डॉक्टर म्हणाले. "डावीचा साचा घ्यायचा आणि कवळीच्या मसाल्यात ओतायची. रोजचं काम आहे माझं."

भाऊसाहेब दिवा घेऊन दवाखान्यात गेले. बाहेर गाल धरून माणसं बसली होती. आत डॉक्टरांनी खुर्चीच्या उशीवर दिवा ठेवला, वरचा झोत त्याच्यावर वळवला, साच्याचा लगदा कालवला आणि सवयीने म्हणाले, "जरा मोठा आ करा." दार अर्धवट उघडं होतं. त्यातून हे पाहणारी एक बाई तशीच उठली आणि दात दुखायचा थांबला असं सांगून निघून गेली.

काच सुरेख निघाली. आकार बिनचूक, कड गुळगुळीत. फक्त रंग हिरड्यांचा आला. टेबलावर बॅटरीला जोडून दोन्ही दिवे लावल्यावर डावीकडे लालभडक उजेड पडे आणि उजवीकडे कुणीतरी वयस्कर माणूस गालातल्या गालात हसतोय असं वाटे.

"एकदम नैसर्गिक छटा आहे," डॉक्टर अभिमानाने म्हणाले.

"डॉक्टर, माझ्या गाडीला कवळी नकोय!" भाऊसाहेबांचा आवाज चढला.

डॉक्टरांना राग आला. त्यांच्या छटेला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. कित्येक दिवस ते जिन्यात भेटले तरी तोंड मिटून जात.

दरम्यान भाऊसाहेबांनी गाडी पत्र्याच्या मिस्त्रीकडे टाकली होती. पिवळे दिवे उतरवून मिस्त्रीने ते रिकाम्या डब्यात टाकले आणि डबा आवराआवरीत कुठे गेला ते त्यालाही कळलं नाही. दिव्यांची मोठी भोकं त्याने पत्रा लावून बुजवली, नवी लहान भोकं पाडली आणि वरून रंग दिला. रंग हिरवा होता एवढंच. बाकीची गाडीही हिरवी होती, पण दोन्ही हिरव्यांची आपसांत ओळख नव्हती.

"सुकला की मिळून येईल," मिस्त्री म्हणाला.

सुकला. मिळून आला नाही. मग अख्खी मागची बाजू रंगवली. मग दारं वेगळी दिसायला लागली. मग दारं रंगवली. बॉनेटपर्यंत पोचल्यावर हात टेकून मिस्त्री म्हणाला, "साहेब, आता बंपर राहिला, तो चकचकीत आहे म्हणून वाचला."

यात कितीतरी रविवार गेले. दर रविवारी संध्याकाळी वहिनी मामांना फोन करीत आणि गाडी अजून तयार नाही म्हणून सांगत. "असू दे, असू दे," मामा म्हणत. पण मामांच्या शेजारणीकडून वहिनींना कळलं की ते तरीही टोपी घालून फाटकाशी येतात, रस्त्याकडे बघत उभे राहतात आणि अंधारायला लागलं की आत जातात. वहिनींनी हे भाऊसाहेबांना सांगितलं नाही. त्यांनी फक्त चहाचा कप जरा जोरात आपटायला सुरुवात केली.

शेवटी दुकानदाराची उजवी काच 'आली'. वायर जोडायचं काम व्होल्टेजकाकांनी अंगावर घेतलं. "अख्ख्या गावाचा पुरवठा सांभाळलाय मी. हे दोन दिवे म्हणजे काय!" दुपारभर ते डिकीत डोकं घालून होते. बाहेर फक्त पाय दिसत आणि आतून अधूनमधून "अस्सं!" असा आवाज येई. मग त्यांनी भाऊसाहेबांना स्टिअरिंगमागे बसवलं.

"इंडिकेटर द्या."

भाऊसाहेबांनी इंडिकेटर दिला. हॉर्न वाजला. थांबला. वाजला. थांबला. लयीत.

"ब्रेक दाबा."

ब्रेक दाबल्यावर पुढचे मोठे दिवे डोळे मिचकावू लागले.

"तत्त्वतः बरोबर आहे," व्होल्टेजकाका विचार करून म्हणाले. "वीज पोचतेय. आता फक्त पत्ता बदलायचा."

पत्ता बदलायला आणखी एक आठवडा गेला, पण बदलला. दोन्ही दिवे लाल लागले, दोन्ही लुकलुकले. भाऊसाहेब गाडीमागे गेले, चिटणिसांसारखे उकिडवे बसले आणि एकही चूक नसलेल्या पानाकडे बघावं तसे बघत राहिले. डॉक्टर गॅलरीत आले होते. भाऊसाहेबांनी वर पाहून हात केला. डॉक्टर आत गेले.

दुसऱ्या दिवशी छापखान्यात जाताना भाऊसाहेबांनी गाडी काढली. मोठ्या चौकात वळायचं होतं. त्यांनी नियमाप्रमाणे आधीच इंडिकेटर दिला. मागचा लाल दिवा लागला, विझला, लागला, विझला. मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याने ब्रेक मारला, सोडला, मारला, सोडला आणि शेवटी कंटाळून बंपरवर येऊन टेकला.

"अहो, एकदा काय ते ठरवा ना!" तो ओरडला. "थांबायचंय की जायचंय?"

"वळायचंय!" भाऊसाहेब ओरडले.

"मग तसं सांगा!"

"तेच तर सांगतोय केव्हाचा!"

चौकातला वाहतूक पोलीस आला. गाडीभोवती एक फेरी मारली.

"इंडिकेटर कुठाय?"

"हा काय."

"हा ब्रेकचा दिवा."

"ब्रेकचाही हाच."

"आणि रात्रीचा मागचा दिवा?"

"तोही हाच."

पोलीस काही वेळ दिव्याकडे बघत राहिला. "एकटाच तीन कामं करतो?" तो म्हणाला. "एवढी तर आमच्याकडूनही करून घेत नाहीत."

"तो कालसुसंगत आहे," भाऊसाहेब म्हणाले.

पोलिसाला वाटलं, आपल्याला काहीतरी बोलले. त्याने गाडी बाजूला घ्यायला लावली आणि वाहन तपासणी कार्यालयाचा रस्ता दाखवला. तिथला कागद मिळेपर्यंत गाडी रस्त्यावर दिसता कामा नये, असं बजावलं. स्कूटरवाला जाताना म्हणाला, "अहो, पिवळे दिवे बाजारात ढिगाने मिळतात." भाऊसाहेबांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने उगाचच हेल्मेट घातलं.

वाहन तपासणी कार्यालय म्हणजे एक लांबलचक खोली, एका भिंतीला खिडक्या आणि दुसऱ्या भिंतीला वाट बघणारी माणसं. भाऊसाहेबांचा क्रमांक लागेपर्यंत त्यांना भिंतीवरची पाटी वाचण्याखेरीज काम नव्हतं. पाटी खिडकीतल्या साहेबांच्या डोक्यावरच होती. तिच्यावर ठळक अक्षरांत 'सुचना' असं लिहिलं होतं. भाऊसाहेबांनी डोळे मिटले. उघडले. सु ऱ्हस्वच होता. त्यांनी मनाला समजावलं की आपण दिव्यांसाठी आलोय. पण माणूस आपल्या स्वभावापुढे किती वेळ तग धरणार? खिडकीशी गेल्यावर साहेबांनी "बोला," म्हटलं आणि भाऊसाहेब बोलले.

"तुमच्या सूचनेतला सू दीर्घ पाहिजे."

साहेबांनी सावकाश मान वर करून पाटीकडे पाहिलं, मग भाऊसाहेबांकडे. "तुमचं काय काम आहे?"

भाऊसाहेबांनी सांगितलं.

"इंडिकेटर पिवळा पाहिजे," साहेब म्हणाले.

"पण मूळच्या गाडीला—"

"आमच्या पाटीतली चूक काढता, आधी स्वतःच्या गाडीतली काढा."

"ही चूक नाही! ती काढूनच तर हे झालंय!"

साहेब तसे वाईट नव्हते. त्यांनी नियम सांगितला. जुनं वाहन मूळच्या स्थितीत असेल तर पिवळ्या दिव्याची सक्ती नाही. मात्र ते मूळच्या स्थितीत आहे असं मान्यताप्राप्त क्लबने लिहून द्यायला हवं.

भाऊसाहेब उड्या मारत चिटणिसांकडे गेले आणि त्यांना घरी गाडीपाशी घेऊन आले. चिटणिसांनी भिंगाखाली दोन्ही दिवे पाहिले आणि प्रथमच हसले. "निर्दोष," ते म्हणाले. भाऊसाहेबांना अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं. "लिहून देऊ ना, आनंदाने देऊ. फक्त गाडी रस्त्यावर चालवायला योग्य आहे असा कार्यालयाचा कागद आणा. त्याशिवाय क्लब कुठल्याही गाडीबद्दल लिहून देत नाही."

"अहो, त्यांना तुमचा कागद पाहिजे!"

"असेल. पण आमची घटना आहे."

भाऊसाहेब कार्यालयात परत गेले. साहेब म्हणाले, आधी क्लब. क्लबात गेले. चिटणीस म्हणाले, आधी कार्यालय. या जाण्यायेण्यात गाडी दाराशी ताडपत्रीखाली आणि भाऊसाहेब बसमध्ये. उभे. ज्या गाडीचे दिवे गावात सगळ्यात अचूक, तिचा मालक दांडीला लोंबकळत जातोय, ही गोष्ट त्यांनी बसमधल्या अनोळखी माणसांनाही ऐकवली. एकाने त्यांना बसायला जागा दिली. तोही त्यांना अपमानच वाटला.

एका रविवारी संध्याकाळी वहिनींनी चहाचा कप आपटला नाही. नुसता ठेवला. भाऊसाहेब घाबरले.

"मामा अजून फाटकाशी उभे राहतात," वहिनी म्हणाल्या. "टोपी घालून. दर रविवारी. गाडी येणार नाही हे माहीत असून."

भाऊसाहेबांनी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"त्यांना तुमच्या दिव्यांचं काही नको होतं हो. त्यांना थोडा वारा खायचा होता."

"अगं, पण मी काय करू? तो म्हणतो आधी हा, हा म्हणतो आधी तो..."

"तुम्ही काहीच करू नका," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही केलंत तेवढं पुरे झालं."

सोमवारी त्या स्वतः कार्यालयात गेल्या. पाटीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. साहेबांसमोर बसून विचारलं, "इंडिकेटर निघण्याआधी गाड्या वळतच नव्हत्या का हो?"

"वळायच्या की. हात दाखवायचे."

"मग आताही हात दाखवला तर?"

साहेबांनी नियमांचं पुस्तक काढलं. हाताच्या इशाऱ्याचं कलम होतं. कुणी वापरत नव्हतं, पण कुणी काढूनही टाकलं नव्हतं. उघडी गाडी, दिवसाउजेडी, हाताचा इशारा स्पष्ट. तशी परवानगी साहेबांनी दिली. "तुमचे मिस्टर पहिल्यांदा आले तेव्हा तुम्ही बरोबर असतात तर..." एवढंच ते म्हणाले.

भाऊसाहेबांना आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण जे आपल्याला अर्जविनंत्यांनी जमलं नाही ते बायकोने एका प्रश्नात केलं, हे त्यांना पुरते दोन दिवस पचलं नाही.

पुढचा रविवार क्लबच्या वार्षिक स्पर्धेचा होता. मामांनाही घेऊन जायचं ठरलं. गाडीत जागा दोघांचीच, म्हणून वहिनी रिक्षाने पुढे गेल्या. भाऊसाहेब मामांच्या फाटकाशी पोचले. मामा टोपी घालून उभे होतेच. त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला, "रंग दिलास वाटतं," म्हणाले आणि गुडघे सांभाळत आत बसले.

"मामा, माझ्या बाजूला वळताना मी हात दाखवीन. तुमच्या बाजूला वळायचं असेल तर मी सांगेन, तुम्ही दाखवायचा."

"अरे, हे तर आमच्या वेळचं!" मामा खूश झाले.

हात दाखवून गाडी चालवणं वाटतं तेवढं सोपं नाही. भाऊसाहेबांनी पहिल्या वळणावर हात काढला तर फुटपाथवरच्या तीन माणसांनी उलट हात केला. दुसऱ्या वळणावर एक फळवाला टोपली घेऊन धावत आला. चौकातल्या त्याच पोलिसाने सलाम ठोकला आणि कुणाला ठोकला हे लक्षात आल्यावर कपाळ खाजवल्यासारखं केलं. मामा मात्र असा ऐटीत हात काढत की मागची वाहनं आपोआप हळू होत.

मैदानात चिटणीस कागद लावलेली पाटी आणि पेन्सिल घेऊन परीक्षण करत होते. भाऊसाहेबांच्या गाडीमागे ते उकिडवे बसले आणि वर पाहून मोठ्याने म्हणाले, "मंडळी, इकडे या. मागचे दिवे कसे असावेत ते इथे बघा." मंडळी आली. वहिनीही आल्या. भाऊसाहेबांनी शर्ट नीटनेटका केला. सगळ्या खटाटोपाचं सार्थक म्हणतात ते हेच, असं त्यांना वाटलं.

पाय मोकळे करायला मामा उतरले होते. ते हळूहळू मागे आले, वाकून दिव्यांकडे पाहिलं आणि दचकले.

"जावईबापू, हे कुठून आणलेस?"

"मूळचे आहेत, मामा! या गाडीचे खरे दिवे."

"मूळचे आहेत हे मला माहीत आहे. गाडी घेतली त्याच वर्षी मी ते उपटून फेकले होते. मागचा प्रत्येक माणूस शिव्या देत जायचा. थांबतोय की वळतोय, कुणाला कळायचं नाही. मुद्दाम खटपट करून पिवळे बसवून घेतले मी. ते कुठे गेले?"

चिटणिसांची पेन्सिल थांबली. "त्याच वर्षी? पहिल्या मालकाने? स्वतः?"

"मग काय शेजाऱ्याने?"

"तर मग," चिटणीस उठून उभे राहिले, "ते पिवळे दिवे हाच या गाडीचा खरा इतिहास. भाऊसाहेब, तुम्ही तो पुसून टाकलात." आणि त्यांनी पाटीवर काहीतरी खोडलं.

भाऊसाहेबांच्या तोंडून काही वेळ शब्द फुटला नाही. मग एकदम सगळे फुटले.

"तुम्हीच म्हणालात ना चुकीचे आहेत म्हणून? भिंग लावून म्हणालात! तेव्हा बरोबर होते ते चूक होते, आता बरोबर केले तर ते चूक झाले? माझी गाडी पुढून मागून रंगवून झाली! दाताच्या डॉक्टरांनी माझ्याशी बोलणं टाकलं! मी बसमध्ये लोंबकळलो! आणि तुम्ही म्हणता इतिहास पुसला?"

"मी आवृत्तीबद्दल बोललो होतो," चिटणीस शांतपणे म्हणाले. "ही प्रत वेगळी निघाली."

भाऊसाहेबांना सगळ्यात झोंबलं ते हे, की चिटणिसांचं बरोबर होतं. छापखान्याचा पहिला नियमच तो. लेखकाने स्वतःच्या हाताने केलेला बदल अंतिम, मग तो मुद्रितशोधकाला कितीही खटको. नवशिक्यांना भाऊसाहेब हे टेबलावर बोट आपटून सांगत आले होते. आणि मामांच्या हातची दुरुस्ती त्यांनी पत्रा लावून बुजवली होती. त्यामुळे त्यांचा संताप दुप्पट झाला आणि काढायला जागा उरली नाही. त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी पदर तोंडाला लावून दुसरीकडे बघत होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते.

तेवढ्यात हॉर्न वाजला. मामा केव्हाच गाडीत जाऊन बसले होते आणि कुशीवर वळून स्टिअरिंगवरचं बटण दाबत होते.

"अरे, आपण हिंडायला निघालो होतो ना?"

"परीक्षण पूर्ण होईपर्यंत गाडी हलवता येणार नाही," चिटणीस म्हणाले.

भाऊसाहेब सरळ गाडीत बसले आणि गाडी सुरू केली. चिटणीस पाटी छातीशी धरून बाजूला झाले. फाटकाशी वळताना भाऊसाहेबांनी हात बाहेर काढला. काहींच्या मते तो नुसता वळण्याचा इशारा नव्हता. पण त्याचा पुरावा नाही, आणि चिटणिसांनी तर उलट हात केला.

रस्ता मोकळा होता. उन्हं उतरली होती. भाऊसाहेब अजून धुमसत होते. मनातल्या मनात ते क्लबला पत्र लिहीत होते आणि त्यातलं प्रत्येक वाक्य आधीच्यापेक्षा कडक होत होतं. कितीतरी वेळाने त्यांच्या लक्षात आलं, मामांचा हात बाहेर आहे. खांद्यापासून सरळ ताठ, पंजा उघडा. मागे एक टेम्पो, त्याच्यामागे दोन गाड्या, सगळे वेग कमी करून वाट बघत होते.

"मामा, हात आत घ्या. इथे आपल्याला वळायचं नाही."

"माहीत आहे रे," मामा म्हणाले. त्यांचे डोळे मिटलेले होते. "बोटांतून वारा कसा जातोय बघ."

टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. इशारा सरळ सरळ चुकीचा होता. भर रस्त्यात, सर्वांसमक्ष, भाऊसाहेबांच्या गाडीतून. त्यांनी मामांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पुन्हा हात आत घ्या म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

मग पुढची गल्ली आली तशी त्यांनी गाडी मामांच्या बाजूला वळवली. त्या गल्लीत त्यांचं कुणी नव्हतं, काही काम नव्हतं आणि ती कुठे जाते हेही त्यांना माहीत नव्हतं. पण इशारा बरोबर झाला.